स्वलेखनाचा पुनर्वापर

स्वलेखनाचा पुनर्वापर : स्वतःच्या आधीच्या लेखनातला मजकूर, आकृत्या, समीकरणे किंवा विदा नव्या शोधनिबंधात, प्रबंधात वा ग्रंथात अवतरण म्हणून न दाखवता पुन्हा घेणे. जुन्या आणि नव्या लेखनाच्या कर्त्यांमध्ये किमान एक व्यक्ती समान असली, की तो पुनर्वापर या सदरात मोडतो. महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत त्याला सरसकट ‘सेल्फ-प्लेजरिझम’ म्हटले जाते. या नावामुळे सगळाच पुनर्वापर चोरीच्या पंगतीत बसतो, आणि प्रत्यक्षात तसे नसते. वाङ्मयचौर्यात मूळ लेखकाचे श्रेय हिरावले जाते. येथे श्रेय ज्याचे त्यालाच मिळते. फसगत झालीच तर ती वाचकाची होते. शोधनिबंध हाती घेणारा वाचक त्यातली माहिती प्रथमच प्रसिद्ध होत आहे असे गृहीत धरतो. हे गृहीतक कोठे मोडते आणि कोठे शाबूत राहते, यावरच पुनर्वापराचे बरेवाईट ठरते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात कॅरी मॉस्कोविट्झ यांच्या नेतृत्वाखाली या विषयावर एक संशोधन-प्रकल्प झाला. त्याने पुनर्वापराचे चार प्रकार पाडले आहेत. अप्रकाशित लेखनातून प्रकाशित लेखन घडणे हा पहिला. अनुदानासाठीचा प्रस्ताव, नैतिकता समितीला दिलेला आराखडा, परिषदेतले भित्तिपत्रक किंवा प्रबंधाचे प्रकरण यांतली वाक्ये पुढे शोधनिबंधात येतात. यात कोणाची फसगत होत नाही. संशोधनाचे लेखन असेच वाढत जाते. दुसऱ्या प्रकारात प्रकाशित निबंधातला काही भाग, बहुधा पार्श्वभूमी किंवा कार्यपद्धती, नव्या संशोधनाच्या निबंधात येतो. तिसऱ्यात तेच लेखन वेगळ्या वाचकांसाठी अनुवाद, संक्षेप किंवा ग्रंथरूपाने पुन्हा निघते. चौथा प्रकार द्विरुक्त प्रकाशनाचा : तोच निबंध, तोच संदेश, तोच वाचकवर्ग आणि आधीच्या प्रकाशनाविषयी मौन. खरा दोष या चौथ्या प्रकारात आहे. दुसऱ्यात तो कधी असतो, कधी नसतो.

कार्यपद्धतीचे उदाहरण घेतले की हा फरक स्पष्ट होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. गरोदरपणातला आहार, बाळाचे जन्मवजन आणि पुढे त्याच मुलांचे आरोग्य असा तो अनेक वर्षे चालला आणि त्यातून अनेक निबंध निघाले. अशा अभ्यासावरच्या प्रत्येक निबंधाला गावे कोणती, स्त्रियांची निवड कशी झाली, मोजमापे कशी घेतली हे सांगावेच लागते. अभ्यासगट तोच असल्यामुळे वर्णनही तेच राहते. दरवेळी ते वेगळ्या शब्दांत मांडण्याचा आग्रह धरला तर हानी अचूकतेची होते, कारण एखादा तांत्रिक शब्द बदलला की पद्धत बदलली की काय अशी शंका वाचकाला येते. मूळ वर्णन जसेच्या तसे ठेवून पहिल्या निबंधाचा हवाला देणे हाच अशा ठिकाणी प्रामाणिक मार्ग ठरतो. प्रकाशन-नीतीची ब्रिटनमधील समिती ‘कोप’ हिनेही याबाबतच्या मार्गदर्शनात कार्यपद्धतीतील पुनरुक्तीकडे सौम्यपणे पाहिले आहे. निष्कर्ष आणि चर्चा या भागांतील पुनरुक्तीला मात्र तिने तशी सवलत दिलेली नाही.

विदाची पुनरुक्ती किती घातक ठरू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण वैद्यकशास्त्रातले आहे. ऑन्डॅनसेट्रॉन हे मळमळ आणि उलटी थांबवणारे औषध भारतातही सर्रास दिले जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर त्याचा किती उपयोग होतो, हे पाहण्यासाठी मार्टिन ट्रामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ८४ चाचण्यांचे अहवाल गोळा केले. या चाचण्यांत ११,९८० रुग्णांना ते औषध दिलेले होते. अहवाल ताडून पाहता १७ टक्के अहवाल आणि २८ टक्के रुग्णांची माहिती दुसऱ्यांदा छापलेली आढळली. लेखकांची नावे किंवा त्यांचा क्रम बदललेला, तपशील कमीजास्त केलेला आणि मूळ अहवालाचा उल्लेख नाही, अशी ही पुनरुक्ती होती. औषधाचा प्रभाव ज्या चाचण्यांत अधिक दिसला होता त्याच पुन्हा छापल्या गेल्या होत्या. त्यामुळे सगळ्यांची एकत्र बेरीज करणाऱ्याला औषधाचा गुण प्रत्यक्षापेक्षा २३ टक्क्यांनी अधिक दिसला असता. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९९७ साली आलेल्या या अभ्यासाने द्विरुक्त प्रकाशनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर ही बाब बहुतांशी संपादकांशी केलेल्या सौजन्यभंगाची मानली जात होती. रुग्णाला कोणते औषध द्यायचे या निर्णयापर्यंत ती पोहोचते, हे आता आकड्यांनिशी दिसले.

अर्थशास्त्रातील गाजलेले प्रकरण ‘टायटॅनिक’ जहाजाचे. १९१२ मध्ये ते बुडाले तेव्हा कोण वाचले आणि कोण नाही, यात वय, लिंग, प्रवासाचा वर्ग आणि राष्ट्रीयत्व यांचा वाटा किती, असा प्रश्न झुरिक विद्यापीठातील ब्रुनो फ्राय आणि त्यांचे दोन सहलेखक यांनी घेतला होता. या संशोधनावर २०१० आणि २०११ मध्ये चार वेगवेगळ्या नियतकालिकांत निबंध आले. विदा, प्रश्न आणि निष्कर्ष यांत मोठी जुळणी होती, तरी सोबतच्या निबंधांचा उल्लेख टाळलेला होता. त्यांपैकी एका नियतकालिकाचे, ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्ह्ज’चे, संपादक डेव्हिड ऑटर यांनी फ्राय यांना खरमरीत पत्र लिहिले. फ्राय यांनी चूक मान्य करून क्षमा मागितली आणि हा पत्रव्यवहार २०११ मध्ये त्याच नियतकालिकाने छापला. फ्राय नामवंत होते आणि विषय रंजक होता, म्हणून प्रकरण गाजले. चारही निबंधांनी एकमेकांचा नुसता हवाला दिला असता तर आक्षेपाची धार बरीच बोथट झाली असती.

याच्याच शेजारचा दोष म्हणजे एका अभ्यासाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र निबंध म्हणून छापणे. ‘सायन्स’ साप्ताहिकात विल्यम ब्रॉड यांनी १९८१ मध्येच या प्रवृत्तीवर लिहिले होते. तिचे मूळ शोधायला दूर जावे लागत नाही. नेमणूक, बढती आणि अनुदान जेथे निबंधांच्या संख्येवर ठरते, तेथे संख्या वाढवली जाते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांसाठी निबंध आणि इतर कामगिरी मोजणाऱ्या ‘एपीआय’ गुणांची पद्धत आणली. त्यानंतर निबंध मोजण्याची सवय महाविद्यालयांत रुजली आणि निबंध वाचण्याची जबाबदारी मागे पडली. मोठ्या अभ्यासातून अनेक निबंध निघण्यात गैर काही नाही. केईएमच्या अभ्यासातूनही ते निघाले. प्रत्येक निबंध वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो का आणि बाकीच्यांशी असलेले नाते सांगतो का, एवढेच पाहायचे असते.

प्रथमप्रसिद्धीचा आग्रह मुळात संपादकांनी धरला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये, अन्यत्र प्रसिद्ध झालेले संशोधन आपण छापणार नाही असे जाहीर केले. पुढे वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने द्विरुक्त आणि दुय्यम प्रकाशनाचे सविस्तर संकेत ठरवले. पुनरुक्ती पकडण्याचे साधन तेव्हा एकच होते, ते म्हणजे समीक्षकाची स्मरणशक्ती. २००८ मध्ये क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संघटनेने मजकूर ताडून पाहण्याची सामाईक सेवा सुरू केली आणि एका कळीसरशी टक्केवारी मिळू लागली. ही टक्केवारी उपयोगी असली तरी तिच्यावर विसंबण्यात धोका आहे. जुळणारे शब्द यंत्राला दिसतात, जुळणारा विदा सहसा दिसत नाही. याज्ञिकांच्या अभ्यासासारखे निरुपद्रवी पद्धतीवर्णन त्यात लाल रंगात उठून येते. ऑन्डॅनसेट्रॉनच्या चाचण्यांप्रमाणे शब्द बदलून दुसऱ्यांदा छापलेले रुग्ण मात्र त्यातून सुटू शकतात. टक्केवारी उतरवण्यासाठी पर्यायी शब्द घालणारी सॉफ्टवेअरेही वापरली जातात. अशा यांत्रिक शब्दबदलाने विद्रूप झालेल्या पारिभाषिक संज्ञा छापील निबंधांत कशा पसरल्या आहेत, हे गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्मयचौर्यविरोधी नियमावली जुलै २०१८ मध्ये आली. तिच्यात साधर्म्याच्या चार पायऱ्या आहेत : १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० टक्के, ४० ते ६० टक्के आणि ६० टक्क्यांहून अधिक साधर्म्याला चढत्या शिक्षा. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सुधारित प्रबंधासाठी सहा महिन्यांपर्यंतची मुदत, मग वर्षभराची बंदी आणि शेवटच्या पायरीला नोंदणी रद्द. प्राध्यापकाला निबंध मागे घेणे, वेतनवाढ गमावणे आणि काही वर्षे मार्गदर्शक म्हणून काम करण्यास मनाई. संदर्भसूची, ऋणनिर्देश, प्रमाण समीकरणे आणि कायद्यांचा मजकूर या मोजणीतून वगळला जातो. नियमावलीतली वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे लेखन घेण्याविषयी होती. स्वतःच्या लेखनाचे काय, हे तिच्यात स्पष्ट नव्हते. ती उणीव २० एप्रिल २०२० च्या जाहीर सूचनेने भरून काढली. पुरेसा हवाला न देता स्वतःचे प्रकाशित लेखन पुन्हा छापून ते नवे असल्याचे भासवणे आणि त्यातून शैक्षणिक लाभ मिळवणे आयोगाने अमान्य ठरवले. तोच निबंध पुन्हा छापणे, मोठ्या लेखनातले तुकडे वेगळे काढणे, जुना विदा हवाल्याशिवाय वापरणे आणि स्वतःचेच लेखन शब्द बदलून मांडणे हे सगळे सूचनेच्या कक्षेत आले. हवाला दिला आहे की नाही, हाच तिचा निकष आहे. शब्दसाधर्म्याच्या टक्क्यांपेक्षा तो अधिक न्याय्य म्हटला पाहिजे.

या नियमांचा सर्वाधिक ताण पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवर आला. आयोगाच्या २००९ आणि २०१६ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध नियतकालिकात छापून येणे बंधनकारक होते. तोच निबंध पुढे प्रबंधाचे एक प्रकरण बनला की साधर्म्य अहवालात तो सापडणार हे उघडच होते. एका नियमाने छापायला लावायचे आणि दुसऱ्याने त्यावर बोट ठेवायचे, असा हा पेच होता. अनेक विद्यापीठे मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याचे स्वतःचे निबंध मोजणीतून वगळतात. तसे करणे आवश्यकच आहे. २०२२ च्या नियमांतून निबंधाची सक्ती गेली. तरी चांगला विद्यार्थी प्रबंधाआधी लिहितोच, त्यामुळे प्रश्न पुरता मिटलेला नाही.

दुसऱ्या भाषेत तेच संशोधन प्रसिद्ध करणे हे दुय्यम प्रकाशन मानले जाते आणि त्याला संकेतांची मान्यता आहे. दोन्ही संपादकांची संमती असावी, मूळ प्रकाशनाचा मान राखला जावा, वाचकवर्ग वेगळा असावा आणि पहिल्याच पानावर मूळ निबंधाची माहिती द्यावी, अशा त्याच्या अटी आहेत. इंग्रजीत छापलेले संशोधन मराठीत आणणाऱ्या अभ्यासकाने या सवलतीचा निःसंकोच लाभ घ्यावा. ते लपवण्याचे कारण नाही. इरावती कर्वे यांनी १९६७ चा ‘युगान्त’ स्वतःच इंग्रजीत आणला आणि तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी लोकमान्य टिळकांनी वेदकालावरचा निबंध लंडनच्या १८९२ च्या प्राच्यविद्या परिषदेला पाठवला होता. तो लांब असल्यामुळे परिषदेच्या वृत्तान्तात केवळ सारांश जाऊ शकला. पूर्ण निबंध १८९३ मध्ये ‘ओरायन’ या ग्रंथाच्या रूपाने निघाला आणि प्रस्तावनेत टिळकांनी ही हकीकत नोंदवली. नियतकालिकांतून आणि दिवाळी अंकांतून आलेले लेख पुस्तकात घेताना ‘पूर्वप्रसिद्धी’ देण्याची मराठी प्रकाशनातली रीत याच जातीची आहे.

नीतीबरोबर कायद्याची बाजूही असते. निबंध छापताना लेखकाने प्रताधिकार प्रकाशकाला लिहून दिला असेल, तर स्वतःची आकृती किंवा लांब उतारा पुन्हा छापण्यासाठी त्याला परवानगी मागावी लागू शकते, मग हवाला कितीही चोख असो. उलट मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेल्या निबंधातला मजकूर श्रेय देऊन कोणालाही घेता येतो. छापण्यापूर्वी संकेतस्थळावर ठेवलेला कच्चा मसुदा बहुतेक विज्ञान-नियतकालिके पूर्वप्रकाशन मानत नाहीत. संगणकशास्त्रात परिषदेतल्या निबंधाची विस्तारित आवृत्ती नियतकालिकात देण्याची रूढी आहे. तेथे मजकुराचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा नवा असावा, अशी अपेक्षा असते.

नवा निबंध पाठवताना संपादकाला पत्रातून आधीच्या संबंधित लेखनाची माहिती द्यावी आणि त्याच्या प्रती जोडाव्यात. जुना मजकूर जेथे घेतला असेल तेथेच तसे नमूद करावे, आणि प्रबंधाच्या आरंभी कोणते प्रकरण कोठे प्रसिद्ध झाले याची नोंद द्यावी. छपाईनंतर पुनरुक्ती उघडकीस आली तर तिच्या स्वरूपाप्रमाणे कारवाई होते. विदा नवा असून काही परिच्छेद हवाल्यावाचून आले असतील तर बहुधा दुरुस्तीची टीप पुरते. सगळा निबंधच दुसऱ्यांदा छापलेला असेल तर नंतरचा निबंध मागे घेतला जातो आणि पहिला अभिलेखात कायम राहतो.