बुजऱ्या घोड्याला पहिली टेस्ट कोणती?

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय संघाने ड्रेसेजचे, म्हणजे ठरलेल्या हालचाली अचूक करून दाखवण्याच्या घोडेस्वारीचे, सुवर्ण जिंकले, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांच्या कानांवर हा शब्द पहिल्यांदा पडला असेल. त्या पातळीचा घोडा जे करतो त्याची सुरुवात मात्र एका छापील कागदापासून होते. त्या कागदालाच टेस्ट म्हणतात. मैदान २० मीटर रुंद, लांबीला ४० किंवा ६० मीटर. कडेने अक्षरे लावलेली. प्रवेश ए या अक्षरापाशी, आणि समोरच्या टोकाला, सीपाशी, परीक्षक. कोणत्या अक्षरावर काय करायचे याचा क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण मिळतात. ब्रिटनमध्ये सर्वांत खालच्या इंट्रो टेस्टमध्ये फक्त साधी चाल आणि दुडकी असते, तिच्या वरच्या प्रिलिममध्ये कँटर, म्हणजे दुडकीहून वेगाची चाल, येतो. अमेरिकेत इंट्रोच्या ए आणि बी या टेस्ट बिनकँटरच्या, तर सीमध्ये थोडा कँटर आहे.

घोडा बुजरा असला की सल्ला एकच मिळतो: सर्वांत खालची टेस्ट घ्या. हा सल्ला अर्धाच खरा आहे. खालची टेस्ट अंगाला सोपी असते. पण बुजऱ्या घोड्याचा प्रश्न अंगाचा नसतोच मुळी. दुडकी तो घरी रोज करतो. म्हणून टेस्टची पायरी पाहण्याऐवजी ती रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाचावी. कोणत्या क्षणी घोडा कुठे असेल, त्याचे तोंड कुणीकडे असेल आणि तिथे त्याला किती वेळ काढावा लागेल, हे त्यात शोधावे.

त्याआधी बुजणे म्हणजे नेमके काय ते सुटे करून पाहिले पाहिजे, कारण एकाच नावाखाली तीन वेगळ्या खोडी खपून जातात. पहिला घोडा वस्तूला बुजतो: कुंडी, फडफडणारे कापड, परीक्षकाची मोटार. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांचे दिसते. कपाळाच्या अगदी पुढ्यात आणि शेपटीमागे तेवढी अंधारी जागा. त्यामुळे डाव्या डोळ्याने ओळखीची झालेली कुंडी, दिशा बदलून उजव्या डोळ्यासमोर आली की पुन्हा नवी होऊ शकते. दुसऱ्याला सोबत सुटण्याची धास्ती. तो बुजत नाही, अडतो, खिंकाळतो, दाराकडे ओढतो. तिसरा नुसता तापलेला असतो. भीतीला निमित्त लागत नाही, अंगात साठलेला जोर वाट शोधत असतो. स्वाराची धास्ती घोड्यात उतरते हे चौथे कारण सगळेच सांगतात. ते खरे आहे, पण त्यावरचा उपाय टेस्टच्या निवडीत नाही, म्हणून इथे सोडून देतो.

आता मैदानाची लांबी. लांब बाजूची टोकाची अक्षरे कोपऱ्यापासून ६ मीटरवर असतात. म्हणजे एका टोकाच्या अक्षरापासून समोरच्या टोकाच्या अक्षरापर्यंतचा कर्ण ४० मीटरच्या मैदानात सुमारे ३४ मीटर भरतो आणि ६० मीटरच्या मैदानात ५२. साध्या चालीने घोडा मिनिटाला साधारण १०० मीटर जातो असे धरले, तर पहिला कर्ण २० सेकंदांचा आणि दुसरा ३० सेकंदांहून थोडा अधिक. सोबतीवाचून कासावीस होणाऱ्या घोड्याला हे वरचे दहा सेकंद फार मोठे, शिवाय लांब मैदानाचे दूरचे टोक दारापासून २० मीटर आणखी लांब. त्याला लहान मैदानाची टेस्ट बरी. तापलेल्या घोड्याचे गणित उलटे आहे. लहान मैदानात कोपरे भराभर येतात, दर कोपऱ्याला लगाम हाती घ्यावा लागतो, आणि लगाम धरला की तो आणखी तापतो. त्याला लांब बाजू मिळाली तर श्वास सोडायला जागा होते.

सर्वांत जास्त फसगत साध्या चालीत होते. कँटर नाही म्हणजे धोका नाही, असे नवखा स्वार धरून चालतो. पण इंट्रो टेस्टमध्ये चाल अधिक असते, आणि तिच्यात लगाम सैल सोडून करायची मोकळी चाल बहुधा असतेच; तिचे गुण अनेक टेस्टमध्ये दुप्पट धरले जातात. घोड्याने मान पुढे आणि खाली लांबवावी, पाठ सैल सोडावी, ही अपेक्षा. ताणलेल्या घोड्याला हीच गोष्ट जमत नाही. तो मान वर काढतो, पावले तुटक टाकतो, मधेच दुडकीत घुसतो. आणि लगाम सुटलेला असल्याने स्वाराच्या हातात काही उरत नाही. उलट २० मीटर व्यासाचे वर्तुळ परिघाने सुमारे ६३ मीटर. कँटरमध्ये ते ११-१२ सेकंदांत संपते. काही घोडे एवढ्या कँटरनंतर फुरफुरून मोकळे होतात, आणि पुढची चाल त्यांची आपोआप लांबते. काही मात्र पहिल्या उडीलाच दुगाणी झाडतात. आपला घोडा यांतला कोणता, हे सरावाच्या मैदानावर कळत नाही. अनोळखी जागी एकदा नेऊन पाहावे लागते. माझा कल सांगायचा तर असा: वस्तूला बुजणाऱ्याला आणि सोबत शोधणाऱ्याला बिनकँटरची टेस्ट, आणि अनोळखी जागीही कँटर शांतपणे करणाऱ्या तापट घोड्याला प्रिलिम.

मुंबई-पुण्याच्या स्वारांनी इथे जरा थांबावे. आपल्या क्लबांतले बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड. गर्दी आणि गोंगाट त्यांना नवे नाहीत. त्यांना नवे असते एकटे असणे, आणि नवा असतो लगामाचा अर्थ. लगाम ताणला की त्यावर भार टाकून पळायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. असा घोडा गर्दीत शांत दिसतो म्हणून स्वार निर्धास्त होतो आणि दहा सेकंद एकटे उभे राहायचे आले की फसतो.

उभे राहणे ही स्वतंत्र बाब आहे. ब्रिटनच्या प्रिलिममध्ये आत येताना न थांबता मध्यरेषेवरून पुढे जायचे असते. थांबून सलामी फक्त शेवटी. अमेरिकेच्या इंट्रो एमध्येही तसेच, बीमध्ये मात्र सुरुवातीलाही थांबा आहे. एवढ्या एका फरकावर बुजऱ्या घोड्यासाठी ए निवडावी. शिवाय मध्यरेषेवर घोड्याचे तोंड थेट परीक्षकाकडे असते, आणि छोट्या स्पर्धांत परीक्षक पुष्कळदा मोटारीत बसलेला असतो. चकाकती काच समोर आणि पाय जमिनीला खिळलेले, यापेक्षा कठीण प्रसंग या पातळीवर दुसरा नाही.

गुणांची भीती मात्र अनाठायी आहे. समजा टेस्ट एकूण २०० गुणांची आहे आणि एका ठिकाणी घोडा बुजून ६ च्या जागी ३ मिळाले, तर नुकसान दीड टक्क्याचे. बाद होण्याची कारणे वेगळी: २० सेकंदांहून अधिक काळ अडून बसणे, किंवा चारही पायांनी मैदानाबाहेर जाणे. दोन्ही संकटे अडणाऱ्या घोड्याची. दार ए अक्षराकडे असल्याने तिथल्या वर्तुळात तो दर खेपेला दाराकडे खांदा टाकतो. त्याच्यासाठी बाजूच्या ई किंवा बी अक्षरावर वर्तुळे असलेली टेस्ट शोधून काढण्याचे कष्ट घ्यावेत.

घंटेनंतर ब्रिटिश नियमांनुसार आत येण्यास ४५ सेकंद मिळतात. त्याआधी मैदानाभोवती बाहेरून फिरता येते, तेव्हा दोन्ही दिशांनी फिरून मोटार दोन्ही डोळ्यांना दाखवावी. खालच्या पातळीवर टेस्ट मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस सहसा चालतो. वाचणारा ओळखीचा असला, तर त्याच्या आवाजाचा घोड्यालाही आधार होत असावा, असे मला वाटते. ज्या स्वाराचे पाठांतर पक्के आहे त्यानेही वाचणारा उभा करावा.

गुणपत्रिका हाती आली की टक्केवारीवर घाईने नजर टाकू नये. कागद मध्यावर दुमडावा आणि वरच्या अर्ध्याचे गुण खालच्या अर्ध्याशी ताडून पाहावेत. खालचे चांगले असतील तर घोडा आत स्थिरावत गेला: पुढच्या खेपेला हीच टेस्ट, जागा मात्र नवी. वरचे चांगले आणि खालचे घसरलेले असतील तर त्याचा धीर मधेच संपला. मग हीच जागा आणि याहून आखूड टेस्ट.