टोपीत पडलेले पैसे : लँकेशायर लीगमधले आपले पगारी खेळाडू

सणसवाडीत येताना पुणे-नगर रस्त्यावर शिफ्ट सुटायची वेळ गाठली, त्यामुळे थोडा उशीर झाला. पण कंपन्यांच्या गेटबाहेर पडणारी ती गर्दी पाहून वाटलं, आजचा विषय इथे फार समजावून सांगावा लागणार नाही. विषय क्रिकेटचा आहे, पण खरं तर तो कराराचा आहे. हंगामापुरतं काम, हंगाम संपला की पुढचं पुढे. हे इथे ज्याला त्याला ठाऊक आहे.

युरोपात आज फुटबॉलच्या खालच्या लीगमध्ये गावोगाव फिरणारे हजारो पगारी खेळाडू आहेत. आज या क्लबात, उद्या त्या क्लबात. आपल्याकडे असे कोणी झाले का, हे शोधू लागलो, तेव्हा आमचं लक्ष फुटबॉलवरून क्रिकेटकडे गेलं. कारण आपली माणसं त्या वाटेनं गेली ती बॅट आणि चेंडू घेऊन. आणि गेली कुठे? तर लँकेशायरला.

लँकेशायर म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडचा कापड गिरण्यांचा मुलूख. ज्या विलायती कापडाची 1905 साली पुण्यात होळी झाली, तसलं कापड विणणारी ही गावं. हिंदुस्थानातल्या बहिष्काराची झळ या गिरणी कामगारांना लागली होती, आणि तरी 1931 साली गांधीजी तिथे डार्वेनला गेले तेव्हा त्याच कामगारांनी त्यांचं प्रेमानं स्वागत केलं. अशा या छोट्या गिरणगावांनी मिळून 1892 साली लँकेशायर लीग सुरू केली. चौदा क्लब. नेल्सन, हॅसलिंग्डन, रॉटनस्टॉल, रिशटन अशी त्यांची नावं.

आता लीगचा नियम बघा. संघात दहा जण हौशी. कोणी गिरणीतला, कोणी दुकानातला, कोणी मास्तर. अकरावा एकच पगारी, त्याला म्हणायचे प्रोफेशनल, थोडक्यात 'प्रो'. सामना शनिवारी दुपारी, एकाच दिवसात संपणारा. आठवडाभर राबलेलं सगळं गाव मैदानावर. प्रोनं धावाही करायच्या, बळीही घ्यायचे, आणि आठवड्यात संध्याकाळी पोरांना नेटमध्ये शिकवायचंही. दहा जण चुकले तर चालायचं, प्रो चुकला तर क्लबची कमिटी पुढच्या वर्षी दुसरा बघायची.

पगाराखेरीज आणखी एक पद्धत होती. प्रोनं अर्धशतक केलं किंवा चांगली गोलंदाजी केली की प्रेक्षकांत टोपी फिरायची आणि ज्याला जमेल तो त्यात नाणं टाकायचा. हे ऐकून कुणाला परकं वाटायचं कारण नाही. आपल्या जत्रेत पैलवानानं कुस्ती मारली की तो आखाड्याभोवती फिरतो आणि लोक हातावर नोटा ठेवतात. तोच प्रकार. कुणी त्याला भीक म्हणत नाही. तो कामाचा मान असतो.

मोठमोठे परदेशी खेळाडू या छोट्या गावांत का जायचे? कारण सरळ आहे. इंग्लिश काउंटीत परदेशी माणसाला खेळायचं तर आधी तिथे राहून पात्र ठरावं लागे. ही अट 1968 साली सैल झाली. तोवर वेस्ट इंडिज, ऑस्ट्रेलिया, हिंदुस्थान इथल्या खेळाडूला क्रिकेटवर पोट भरायचं, तर लीग हाच रस्ता. वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 साली नेल्सनला आला आणि नऊ हंगाम राहिला. त्यांतल्या सात हंगामांत नेल्सननं लीग जिंकली. त्याच्यामागून बाकीचे आले. आपला लाला अमरनाथ दुसऱ्या महायुद्धाआधी नेल्सनलाच खेळला.

युद्धानंतर मराठी मुलखातलेही गेले. सांगलीत जन्मलेले विजय हजारे रॉटनस्टॉलला खेळले. कोल्हापूरचे दत्तू फडकर नेल्सनला आणि रॉचडेलला. मुंबईचे सुभाष गुप्ते, ज्यांचा लेगस्पिन भल्याभल्यांना कळायचा नाही, ते रिशटनला. ज्यांना आपण कसोटीवीर म्हणून ओळखतो, ते उन्हाळ्यात एका गिरणगावाचे नोकर होते. पावसानं ओल्या झालेल्या खेळपट्टीवर, आपली भाषा कुणाला येत नाही अशा गावात, घरापासून चार-पाच महिने लांब.

का जावं लागलं, हे समजून घ्यायला हजाऱ्यांकडे बघा. 1939-40 च्या हंगामात पुण्यात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. रणजी स्पर्धेतलं ते पहिलं त्रिशतक. पण त्या काळी रणजीवर घर चालत नव्हतं. क्रिकेटपटूचं पोट राजेरजवाड्यांच्या मर्जीवर असायचं. हजारेही आधी देवास आणि मग बडोदा संस्थानाच्या आधारानं खेळले. पुढे संस्थानं विलीन झाली. दरबाराचा आधार गेला आणि बोर्डाचा अजून आला नव्हता. त्या मधल्या काळात लँकेशायरचा करार उपयोगी पडला. दरबारात मर्जी लागते. करारात आकडा लिहिलेला असतो. आमच्या मते हा फरक छोटा नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. साल 1952. फेब्रुवारीत मद्रासला भारतानं इंग्लंडला हरवून पहिलावहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार हजारे, आणि त्या सामन्यात बारा बळी विनू मांकडचे. मांकड जामनगरचे. हॅसलिंग्डन क्लबाचे प्रो. त्याच उन्हाळ्यात भारताचा इंग्लंड दौरा होता. मांकडनी बोर्डाला विचारलं, माझी निवड नक्की आहे का, तेवढं सांगा, म्हणजे क्लबाला तसं कळवतो. बोर्डानं हमी दिली नाही. मांकडनी हॅसलिंग्डनचा करार केला.

मग काय झालं? जूनमध्ये लीड्सला पहिली कसोटी. पहिल्या डावात विजय मांजरेकरांनी 133 आणि हजाऱ्यांनी 89 धावा केल्या. दुसऱ्या डावात मात्र धावफलकावर शून्य धावा आणि चार बळी. पंकज रॉय, दत्ताजी गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर, चौघेही शून्यावर. फ्रेड ट्रूमन पहिलीच कसोटी खेळत होता, त्यानं तिघांना उडवलं. 5 बाद 26 वरून हजारे आणि फडकर यांनी 105 धावांची भागी केली. लक्षात घ्या, हे दोघेही लीगमध्ये घासून निघालेले. तरी सामना हातचा गेलाच.

तेव्हा कुठे धावपळ झाली. क्लबाशी बोलणं करून मांकडना सोडवून आणलं. लॉर्ड्सच्या दुसऱ्या कसोटीत त्यांनी पहिल्या डावात 72 केल्या, मग 73 षटकं टाकून 196 धावांत 5 बळी घेतले, आणि दुसऱ्या डावात 184 धावा काढल्या. भारत हा सामनाही हरला. पण आजही ती कसोटी मांकडच्या नावानं ओळखली जाते.

या गोष्टीचा अर्थ आपण काय घ्यायचा? एक मत असं आहे की देशाचा कॉल आला की पैशाकडे बघू नये. हे म्हणणं ऐकायला फार चांगलं वाटतं. पण आम्हाला विचारावंसं वाटतं, मांकडनी मागितलं काय होतं? जास्त पैसे नाहीत. फक्त आधी सांगा, एवढंच. घर चालवणाऱ्या माणसाला पुढचे पाच महिने काम आहे की नाही हे कळायला नको का? त्यांनी देशाला नाही म्हटलं नाही. देशाच्या नावानं बोलणाऱ्यांनी त्यांना उत्तर दिलं नाही. आणि मग शून्यावर चार बळी गेल्यावर जे करावं लागलं, ते आधीच एका कागदावर लिहून देता आलं असतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तोटा झाला तो हजाऱ्यांचा. स्वतः लीगमध्ये राबलेला हा माणूस लीड्सला आपल्या सर्वांत मोठ्या अष्टपैलूशिवाय संघ घेऊन उतरला. करार पाळणाराही बरोबर आणि त्याच्यावाचून अडलेलाही बरोबर, असं पुष्कळदा होतं. अशा वेळी दोष त्या दोघांच्यात शोधू नये. ज्याच्या हातात हमी देणं होतं, त्याच्याकडे बघावं.

पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, काउंटीचं दार उघडलं, लीगचं महत्त्व कमी झालं. गुप्ते तर शेवटी त्रिनिदादला स्थायिक झाले. हॅसलिंग्डनचं नाव आता आपल्याकडे कुणी काढत नाही. पण आपल्या भागात टेनिस बॉलच्या ओपन स्पर्धेत बाहेरगावचा एक खेळाडू मानधन देऊन आणतात, त्याला 'भाड्याचा' म्हणून हिणवणारे असतात. पुढच्या वेळी तो शब्द तोंडावर आला, तर हजारे, फडकर, गुप्ते, मांकड ही चार नावं आठवा. तेही असेच आणलेले होते. शनिवारी दुपारी त्यांनी गिरणी कामगारांसमोर प्रामाणिकपणे काम केलं, आणि त्या कामगारांनी खिशातलं नाणं काढून टोपीत टाकलं.

इथेच थांबतो.