वडिलांची संमती, मुलीची निवड आणि १८६४ चा मुंबईतील एक निकाल

१/ साल १८६४. मुंबई उच्च न्यायालय स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याच्यापुढे एक प्रश्न आला : वयात आलेल्या मुस्लिम मुलीने वडिलांच्या संमतीवाचून केलेला निकाह वैध मानावा काय? #थ्रेड

२/ इस्लामी धर्मशास्त्रात या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. सुन्नी परंपरेत हनफी, शाफिई, मालिकी आणि हंबली असे चार मजहब, म्हणजे विधिसंप्रदाय आहेत. चारही परस्परांना प्रमाण मानतात. तपशिलांत मात्र मतभेद आहेत.

३/ वधूच्या वतीने निकाह लावून देणारा पालक म्हणजे ‘वली’. हा पहिला मान पित्याचा. इमाम शाफिई (७६७–८२०) यांच्या मते वलीवाचून निकाह होतच नाही. कुमारिकेचा विवाह पिता तिला न विचारताही लावू शकतो. विचारणे श्रेयस्कर, पण बंधनकारक नाही.

४/ कूफा येथील इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांची भूमिका निराळी होती. सज्ञान स्त्री आपल्या मालमत्तेचे व्यवहार स्वतः करते, तर आपल्या विवाहाचा करारही ती करू शकते. वर तोलामोलाचा नसेल किंवा मेहर फारच कमी असेल, तर वलीने काझीकडे दाद मागावी.

५/ खन्सा बिन्त खिदाम हिचा विवाह वडिलांनी तिच्या इच्छेविरुद्ध लावला आणि पैगंबरांनी तो रद्द केला, अशी हदीस आहे. खन्सा पूर्वविवाहित होती. म्हणून शाफिई पंडित हे संरक्षण पूर्वविवाहितेपुरते मानतात. हनफी मात्र कोणत्याही सज्ञान स्त्रीवर सक्ती अमान्य करतात.

६/ उत्तर हिंदुस्थानात हनफी मजहब रुजला. अरबी समुद्रातील व्यापाराने जोडलेल्या कोकण-मलबार किनाऱ्यावर शाफिई. मुंबईत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. एकाच शहरातील दोन मुलींचा अधिकार त्यांच्या घराण्याच्या मजहबावर ठरू लागला.

७/ खटला होता मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद. मुलीचे आईवडील शाफिई. ती वयात आलेली होती आणि वडिलांनी तिचा विवाह आधी लावलेला नव्हता. न्यायालयाने निर्णय दिला : सुन्नी स्त्री चारपैकी कोणताही मजहब स्वीकारू शकते आणि तिची पुढील कृत्ये त्याच इमामाच्या नियमांनी जोखली जातील. अर्थात, हनफी झालेली मुलगी पित्याच्या मर्जीवाचून पती निवडू शकते.

८/ या निकालाला मर्यादा होत्या. शाफिई राहून तीच निवड करू पाहणाऱ्या मुलीला त्यातून काही मिळाले नाही. अल्पवयीन मुलीचा पित्याने लावलेला विवाह तर हनफी मतानेही सहसा बंधनकारक असे. मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम, १९३९ मध्ये तिला मार्ग मिळाला : १५ वर्षांपूर्वी लावलेला विवाह, पतिपत्नी-संबंध आला नसल्यास, १८ व्या वर्षापूर्वी नाकारता येऊ लागला.

९/ १८६४ च्या न्यायालयाने नवा हक्क निर्माण केला नाही. मुलीच्या निवडीला आधार देणारे मत परंपरेत हजार वर्षे होतेच. तिथवर जाण्याची वाट न्यायालयाने मोकळी केली. पती निवडण्यासाठी तिला आधी इमाम निवडावा लागला.

१०/ आणि खटल्याच्या शीर्षकात नावे आहेत ती दोन पुरुषांची. जिच्या निवडीवरून हा वाद झाला, तिचे नाव तिथे नाही.