शिक्का, मोर्तब आणि खासगी किल्ली

संताजी घोरपडे यांच्या आश्रयाखाली पुढे आलेल्या नारो महादेव जोशी यांनी घोरपडे हे आडनाव स्वीकारून इचलकरंजी जहागिरीचा पाया घातला; त्यांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या कन्या अनुबाई यांच्याशी झाला आणि पतीच्या पश्चात अनुबाईंनीच कारभार दीर्घकाळ पाहिला. अशा कारभारात त्या काळी कागदाला वजन येई ते शिक्क्याने. पत्राच्या माथ्यावर मुद्रा, म्हणजे अधिकाऱ्याचे नाव कोरलेला मोठा शिक्का, उमटवीत आणि मजकूर संपताच लहानसा मोर्तब करीत, जेणेकरून त्याखाली कोणाला एक अक्षरही वाढवता येऊ नये. लांब कागदाचे बंद जिथे चिकटवलेले असत, त्या सांध्यांवरही पाठीमागून शिक्का पडे. बनावटीचा इतका बारीक विचार त्या कारकुनांनी केला होता, हे मान्यच करावे लागते.

शिक्क्याचे हेच काम आज संगणकावर खासगी किल्ली, म्हणजे खातेदाराकडे असणारी गुप्त अक्षरमाला, करते. 2016 मध्ये सुरू झालेल्या स्टीम या ब्लॉकचेनवरील, म्हणजे अनेक संगणकांवर सामाईक ठेवलेल्या नोंदवहीवरील, समाजमाध्यमाने अधिकाराची वाटणी किल्ल्यांत केली: लेखनासाठी पोस्टिंग, पैशाच्या व्यवहारासाठी अ‍ॅक्टिव्ह, गुप्त संदेशांसाठी मेमो आणि या सर्व बदलू शकणारी ओनर. शिक्का हरवला तर दरबार नवा कोरून घेई. इथे दरबारच नाही. ओनर किल्ली चोराने बदलल्यास 30 दिवसांच्या आत जुनी किल्ली आणि आधी नेमलेले साहाय्यक खाते यांच्या आधारे खाते परत मिळवता येते, पण सगळ्याच किल्ल्या हरवल्या तर ते कायमचे जाते. म्हणून ओनर किल्ली कागदावर उतरवून संगणकापासून दूर ठेवावी आणि रोजच्या लेखनाला पोस्टिंग किल्लीच वापरावी.