कृत्रिम सांधा कशाचा बनतो, कशाने झिजतो? साहित्याच्या संशोधनाची ओळख

घरातल्या बुजुर्गांचा गुडघा किंवा खुबा बदलायचा ठरला की दोन सवाल हमखास निघतात. खर्च किती येईल? आणि बसवलेला सांधा किती वर्षं टिकेल? दुसऱ्या सवालाचं उत्तर सर्जनच्या हाताइतकंच सांध्याच्या साहित्यावर अवलंबून असतं. शरीरात बसवायच्या अशा साहित्याला 'जैवसाहित्य' म्हणतात.

सांध्यात काय काय असतं?

नेहमीच्या कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडावर बसणारा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा असतो. नडगीच्या हाडावर धातूची, अनेकदा टायटेनियमची, ताटली बसवतात. दोन्हींच्या मध्ये पॉलिइथिलीन या प्लास्टिकचा तुकडा असतो. हे भाग हाडाला पक्के करण्यासाठी 'बोन सिमेंट' वापरतात. नाव सिमेंट असलं तरी ते ॲक्रिलिक आहे, दातांच्या कवळीत वापरतात त्याच जातीचं. खुब्यात धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा असतो आणि तो वाटीत फिरतो.

टेफ्लॉनचा धडा

आजच्या खुब्याचा पाया इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलचे सर्जन जॉन चार्नली यांनी घातला. १९५८ च्या सुमारास त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं, कारण ते फार गुळगुळीत असतं. सुरुवातीला रुग्ण छान चालू लागले, पण काही वर्षांतच टेफ्लॉन झिजलं आणि त्याच्या भुकटीने आजूबाजूला सूज व गाठी झाल्या. शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली. ही भुकटी शरीरात काय करते हे पाहायला चार्नलींनी ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली होती.

मग त्यांच्याकडे पॉलिइथिलीन आलं. हे प्लास्टिक तेव्हा कापडाच्या मागांच्या दंतचक्रांसाठी वापरलं जायचं. यंत्रावर घासून पाहिलं तर ते टेफ्लॉनपेक्षा कितीतरी कमी झिजलं. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी ते रुग्णांमध्ये वापरायला घेतलं. सुधारलेल्या रूपात तेच प्लास्टिक आजही चालू आहे.

झीज हाड कशी पोखरते?

प्लास्टिक झिजतं म्हणजे त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या चिडून रसायनं सोडतात आणि त्यामुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. हाड हळूहळू पोखरलं जातं आणि सांधा सैल होतो. म्हणून झीज कमी करणं हे या संशोधनाचं मोठं काम आहे. प्रयोगशाळेत यंत्रावर सांधा लाखो वेळा हलवून पाहतात. साधारण १० लाख फेऱ्या म्हणजे एका वर्षाचं चालणं, असा हिशोब धरतात.

१९९० च्या दशकाअखेर 'क्रॉसलिंक' पॉलिइथिलीन आलं. किरणांचा मारा करून प्लास्टिकचे लांब धागे एकमेकांना बांधले जातात, त्यामुळे झीज खूप घटते. पण किरणांनी प्लास्टिकमध्ये अस्थिर कण उरतात आणि प्राणवायूशी संयोग होऊन ते प्लास्टिक ठिसूळ करतात. ते घालवायला प्लास्टिक तापवतात, मात्र जास्त तापवलं तर मजबुती थोडी कमी होते. २००० नंतरच्या दशकात त्यावर 'ई' जीवनसत्त्व मिसळण्याचा उपाय आला. ते हे अस्थिर कण शांत करतं. खुब्यात क्रॉसलिंकचा फायदा स्पष्ट दिसला आहे. गुडघ्यात तो तितका ठळक नाही.

धातूवर धातू

प्लास्टिकच नको म्हणून गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे करून पाहिले. यंत्रावर झीज कमी दिसली, पण रुग्णांच्या शरीरात कोबाल्ट आणि क्रोमियम उतरू लागलं आणि सांध्याभोवतीचं मांस खराब होऊ लागलं. डीप्यू कंपनीचा एएसआर खुबा बसवलेल्यांपैकी सुमारे आठांत एकाला पाच वर्षांतच तो बदलावा लागला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोवर सुमारे ९३ हजार बसवले गेले होते. त्यात भारतातलेही रुग्ण होते आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या भरपाईचं सूत्र ठरवलं. हा दोष लवकर पकडला गेला तो बसवलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद ठेवणाऱ्या देशांत. यंत्र जे दाखवत नाही ते अशा नोंदवह्या दाखवतात.

सिरॅमिकचा गोळा फार कमी झिजतो आणि त्यातून धातू सुटत नाही. पण जुनी सिरॅमिक क्वचित फुटत, काहींची कुरकुर ऐकू येई. आता ॲल्युमिनात झिर्कोनिया मिसळून ती जास्त चिवट केली आहेत.

हाडाला धरून राहणं

हाड वापरलं तर टिकतं. टायटेनियम हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ आहे, कोबाल्ट-क्रोमियम दहा पटींहून जास्त. सगळा भार धातूनेच उचलला तर शेजारचं हाड आळशी होऊन विरळ होतं. म्हणून स्पंजासारखं छिद्रांचं टायटेनियम किंवा टँटलम वापरतात. हाड त्या छिद्रांत वाढतं आणि सिमेंटशिवाय पकड बसते. थ्री-डी प्रिंटिंगमुळे अशी छिद्रं हवी तशी करता येतात. हाडातल्याच खनिजाचा, हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, लेपही देतात. जंतू चिकटू नयेत म्हणून चांदीचे आणि अँटिबायोटिकचे लेप यांवरही काम चालू आहे, कारण सांध्यात संसर्ग झाला तर इलाज लांबतो.

घरच्यांनी काय विचारावं?

२०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २५ वर्षांनंतरही सुमारे ८२ टक्के पूर्ण गुडघे आणि ५८ टक्के खुबे टिकून होते. हे आकडे जुन्या साहित्याचे आहेत. म्हणजे साधा, पारखलेला सांधाही दीर्घकाळ साथ देतो. 'नवं आणि महाग' म्हणजे चांगलंच असं नाही, एएसआरही एकेकाळी नवाच होता.

- या मॉडेलची किमान दहा वर्षांची नोंद आहे का, हे विचारा.
- घड्याळाच्या पट्ट्याने किंवा खोट्या दागिन्यांनी खाज येत असेल तर आधीच सांगा. कोबाल्ट-क्रोमियममध्ये थोडं निकेल असतं.
- सजदा आणि कायद्यात गुडघा पूर्ण दुमडतो, तेव्हा प्लास्टिकच्या मागच्या कडेवर भार येतो. किती दुमडता येईल हे शस्त्रक्रियेआधीच सर्जनना विचारा. न जमल्यास खुर्चीवर नमाज अदा करण्याची मुभा आहेच.
- ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमसाठी ती ५४,७२० रुपये होती. आजचा दर विचारा आणि बिलात सांध्याची किंमत, कंपनी व बॅच नंबर वेगळा लिहून घ्या.

सांध्याच्या डब्यावरचं स्टिकर फाइलमध्ये सांभाळून ठेवा. उद्या एखादं मॉडेल मागे घेतलं गेलं, तर आपल्या अम्मी-अब्बांच्या गुडघ्यात कोणतं आहे हे त्याच कागदावरून कळेल.