दोन टक्के, तोंडी

आमच्या घरच्या कपाटात एक खाकी फाईल आहे. १९८४ साली वडिलांनी ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोपासून पाच मिनिटांवर, ओनरशिपचा ब्लॉक घेतला तेव्हाची. विसार पावती, स्टॅम्पपेपरवरचं साठेखत, नोंदणीची पावती, पुढे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं तीत जपून लावलेलं आहे. एकच कागद नाही. ज्या एजंटानं हा ब्लॉक दाखवला, त्याच्याशी काय ठरलं होतं त्याचा. वडिलांच्या डायरीत तेवढी नोंद सापडते, 'दलाली दोन टक्के, तोंडी.'

किंमत होती एक लाख वीस हजार. म्हणजे दलालीचे चोवीसशे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कारकुनी करणाऱ्या माणसाला ते थोडे नव्हते. राहायला गेल्यावर कळलं, की त्याच एजंटानं बिल्डरकडूनही दलाली घेतली होती. शिवाय बिल्डर पाच हजार उतरायला तयार होता, हेही त्याला ठाऊक होतं. वडिलांनी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही हे आधी विचारलंत कुठे?" वडील गप्प बसले. हा माणूस नेमका कोणाच्या बाजूचा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मी या जुन्या कायद्यांच्या नादी लागलो तो त्या एका वाक्यामुळं. ओनरशिपच्या ब्लॉकांमधली फसवणूक सरकारच्या ध्यानात फार लवकर आली होती. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २० मे १९६० रोजी, सरकारनं या गैरप्रकारांवर समिती नेमली. त्यातून १९६३ चा 'मोफा' कायदा आला. किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घ्यायची नाही, आणि ती घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा, असं बंधन बिल्डरवर आलं. वडिलांचं साठेखत त्याच कायद्याची देणगी. पण कायद्याची सारी नजर बिल्डरवर होती. मधल्या माणसाकडं कोणी पाहिलं नाही.

त्याच्यासाठी होता १८७२ चा करार कायदा. त्यानुसार कुणाला आपला प्रतिनिधी नेमायला कागद लागत नाही. तोंडी शब्द पुरतो, नुसत्या वागण्यावरूनही नेमणूक झाली असं धरता येतं. मागितल्यावर मालकाला हिशेब देण्याचं बंधनही त्यावर आहे. प्रश्न एवढाच, की तो आपला प्रतिनिधी होता हे आधी सिद्ध कसं करायचं?

आणि लिहायचं नाही, ही सवय तरी कुठली? माझ्या मते पागडीची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडी घेणं गुन्हा ठरवलं. ती बंद झाली नाही, तिची पावती तेवढी बंद झाली. खोली कोणाची, रक्कम किती, हे डोक्यात ठेवणारा आणि कागदावर न आणणारा दलाल हाच भरवशाचा दलाल ठरला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं पागडीला मान्यता दिली, तोवर दोन पिढ्या याच शाळेत शिकून गेल्या होत्या. ओनरशिप आली, तरी व्यवहारातला रोखीचा भाग ही शाळा चालवीतच राहिला.

एजंटाला खरा हात घातला तो रेरानं. २०१६ चा हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. एजंटाला नोंदणी आली, महाराष्ट्रात 'ए' अक्षरानं सुरू होणारा क्रमांक आला, २०२३ पासून परीक्षाही आली. पण ही नोंदणी रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी लागते. खोपट, चरई, पाचपाखाडीतल्या जुन्या सोसायट्यांत जो ब्लॉक एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तिथं अजून बहुधा तोंडीच कारभार.

अमेरिकेतही हा घोळ होता, हे वाचून मला जरा बरंच वाटलं. तिथं घर विकणाऱ्याच्या पैशातून दोन्ही बाजूंच्या एजंटांची दलाली जाई. त्यावरच्या एका खटल्यात कॅन्सस सिटीच्या ज्यूरीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे १८० कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढं एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनं तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून तिच्या नियमांखालच्या एजंटानं घर दाखवायला नेण्यापूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करायचा आहे. मोबदला किती, हे त्यात स्पष्ट हवं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनं खोपटलाच जुना ब्लॉक शोधायला घेतला. मी साध्या कागदावर चार ओळी लिहून एजंटापुढं ठेवल्या. तुम्ही आमच्यातर्फे काम करता. दलाली इतकी. ती खरेदीखत झाल्यावरच. विकणाऱ्याकडून काही घेणार असाल तर आधी सांगाल. त्यानं दोनदा वाचलं. "काका, असं कोणी मागत नाही हो," म्हणाला, पण भला माणूस, पेन काढलं. चौथी ओळ खोडली आणि खाली सही केली.

आम्ही दुसरा एजंट पाहिला. त्यानं चारही ओळींवर सही केली आहे. ब्लॉक अजून मिळायचा आहे.