कुंभारणीची मुदत ठेव

कुंभारीण माशी ज्यानं पाहिली नाही, असा मराठी माणूस विरळा. तसबिरीच्या मागं, खिडकीच्या चौकटीत, खुंटीवरच्या जुन्या कोटाच्या घडीतसुद्धा ती चिखलाचे गोळे आणून खोल्या बांधते. ना ठेकेदार, ना कर्जाचा अर्ज. काम करताना गुणगुणते मात्र सारखी.

या गुणगुणण्यानंच आपले पूर्वज फसले. माशी अळी कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते, अळीला माशीचा ध्यास लागतो आणि एक दिवस अळीच माशी होऊन बाहेर येते! हा कीटभृंगन्याय. वेदान्त्यांनी तो उचलला, संतांनी घरोघर पोचवला. परमेश्वराच्या बाबतीत मी काय बोलणार? पण बँकेत नव्यानं चिकटलेल्या पोरालाही हाच न्याय ऐकवतात: साहेबांचा ध्यास घे, साहेब होशील. आमचे एक हेडक्लार्क बत्तीस वर्षं ध्यास घेऊन निवृत्त झाले. हेडक्लार्क म्हणूनच.

तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवलं होतं, की काही गांधीलमाश्या कोळी मारून भिंतीतल्या भोकात नेतात, वर चिखल लिंपतात आणि आत आपलं पोर ठेवतात. ध्यानधारणेचा उल्लेख नाही! प्रश्न एकच उरतो: मेलेली शिकार सडत कशी नाही? भुंगेरे पकडणाऱ्या गांधीलमाशीबद्दल द्युफूर या फ्रेंच विद्वानाचा तर्क असा, की डंखात सडू न देणारं औषध असावं. फाब्र नावाच्या तुटपुंज्या पगाराच्या मास्तरानं १८५५ साली दाखवलं, की शिकार मेलेलीच नसते. डंख नेमका मज्जातंतूंच्या गाठीत बसतो. जीव राहतो, हालचाल जाते.

आता खातं उघडून पाहू. कुंभारणी दोन तऱ्हेच्या. एक अळ्या कोंडते, दुसरी कोळी. कोळीवाली एकेका खोलीत डझनभर, कधी कमी कधी जास्त, लुळे कोळी भरते, त्यांतल्या एकावर अंडं घालते आणि तोंड लिंपते. अंड्यातलं पोर एकेक कोळी ताजा ताजा फस्त करतं, कोश विणतं आणि यथावकाश भिंत फोडून उडतं. मुदत ठेवच ही! फक्त ठेवलेला माल जिवंत असतो आणि त्याची सही कुणी घेतलेली नसते. बाहेर आलेली माशी पाहून आपण म्हणायचं, बघा, कोंडलेल्याचं कसं सोनं झालं!

नराचा या बांधकामात हात नसतो. हे वाक्य सौभाग्यवतींनी दोनदा वाचलं, मोठ्यानं.